पॅरिस आयलंडची पोरं

मित्रांनो, आधी चूक कबूल करतो. मग इतिहास.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाला एक पोरगं यायचं. अकरावीतलं. पुस्तकाखाली कॉमिक लपवून वाचायचं. मी एकदा पकडलं आणि भर वर्गात झापलं. म्हटलं, पँटीवर चड्डी घालणाऱ्या गोऱ्या बाहुल्यांच्या गोष्टी वाचतोस, आणि म्हणे समाज बदलणार! सगळे हसले. पोरगं खाली मान घालून बसलं. जाताना एवढंच म्हणालं, "दादा, एक पान तरी बघायचं होतंस." पुढच्या रविवारी ते आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, कचरा गेला.

वर्षभराने रद्दीवाल्याकडे जुनी पुस्तकं उपसताना इंग्रजी कॉमिकचे चार अंक हाताला लागले. कोपरे उंदराने खाल्लेले. वरच्या चित्रात सगळे चेहरे काळे आणि तपकिरी. एकाच्याही अंगावर झूल नाही, छातीवर राजमुद्रा नाही. रस्त्यावरच्या पोरांचे कपडे, रस्त्यावरच्या पोरांचा राग. नाव : 'ब्लड सिंडिकेट'. वजनावर घेतले. तिसऱ्या पाळीहून आल्यावर डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचायला बसलो. दुपार झाली तरी झोप आली नाही. नंतर एका दोस्ताने बाकीचे बरेच अंक मोबाईलवर मिळवून दिले. आज लिहितोय ते त्याच वाचनाच्या जोरावर.

पण माझा राग सगळाच खोटा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे मराठी पोरांनी पहिला परदेशी महानायक पाहिला तो इंद्रजाल कॉमिक्समधला. १९६४ ते १९९० इंद्रजाल चाललं. त्यातला वेताळ म्हंजे ली फॉकने १९३६ साली काढलेला फँटम. गोरा माणूस, राहतो काळ्यांच्या जंगलात, बसतो कवटीच्या सिंहासनावर, आणि बुटकी काळी माणसं त्याला देव समजून राखण करतात. हा एकविसावा वेताळ. त्याच्या आधी बाप, बापाच्या आधी आजोबा. गादी पिढीजात. मला सांगा, हे वतन नाही तर काय? त्याच लेखकाचा जादूगार मँड्रेक १९३४चा. त्याच्याबरोबर लोथार. आफ्रिकेतला राजपुत्र, अंगात हत्तीचं बळ, आणि काम काय, तर गोऱ्या जादूगाराची पाठराखण. बळ काळ्याचं, अक्कल गोऱ्याची. ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

काळ्या माणसांनी हे मुकाट सोसलं का? नाही. १९४७ साली, आपल्याकडे सत्तांतर होत होतं त्याच वर्षी, फिलाडेल्फिया शहरात ऑरिन इव्हान्स नावाच्या काळ्या पत्रकाराने एक कॉमिक काढलं. नाव 'ऑल-निग्रो कॉमिक्स'. लिहिणारे काळे, चित्रं काढणारे काळे, पात्रं काळी. बाकीची कॉमिकं दहा सेंटला मिळत, हे पंधरा सेंटला. पहिला अंक निघाला. दुसरा अंक तयार होता, पण कागद विकणारे कागदच देईनात. संपलं. एक अंक, आणि खलास. त्याला कुणी सेन्सॉर केलं नाही, कुणी खटला भरला नाही. फक्त कागद बंद केला. गावात सवर्णांनी किराणा बंद करावा तसा. बहिष्काराला इंग्रजी येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट घामाची. १९५३ साली ईसी नावाच्या प्रकाशनाने 'जजमेंट डे' ही छोटी चित्रकथा छापली. नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांचा एक ग्रह असतो. आतून सगळे सारखे, फक्त वरचं कवच वेगळं. तरी नारिंगी राज्य करतात आणि निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात. पृथ्वीवरून आलेला तपासनीस म्हणतो, तुमची अजून लायकी नाही. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि कळतं, तो काळा आहे. कपाळावर घामाचे थेंब चमकतायत. १९५६ साली हीच कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कॉमिकं तपासणाऱ्या न्यायाधीशाने अडवलं. आधी म्हणाला, माणूस काळा नको. प्रकाशक गेन्स भांडला. मग म्हणाला, निदान घाम तरी काढा! गेन्सने काहीही न काढता छापलं. त्यानंतर ईसीने कॉमिक काढलं नाही. काळ्या कपाळावरचा घाम बघायची ज्यांना भीती वाटते, ते आपल्याकडेही आहेत. त्यांना कापड पाहिजे, विणणारा दिसायला नको.

तिसरी गोष्ट आपल्या घरचीच आहे. मार्व्हल कंपनीचा 'ब्लॅक पँथर' जुलै १९६६च्या अंकात आला. लेखक-चित्रकार स्टॅन ली आणि जॅक कर्बी, दोघेही गोरे ज्यू. त्यानंतर ऑक्टोबर १९६६मध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. दोन्ही नावं वेगवेगळ्या वाटेने आली. पण पार्टीचा दरारा वाढला तशी कॉमिकवाल्यांना नावाची अडचण व्हायला लागली. १९७२च्या सुरुवातीला एका अंकात तो राजा सांगतो, मी आता 'ब्लॅक लेपर्ड' आहे. नाव टाकून दिलं. थोड्याच दिवसांत पुन्हा घेतलं, ते सोडा. आणि त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या दोस्तांनी दलित पँथर उभी केली. कागदावरचा राजा ज्या नावाला घाबरला, ते नाव आपल्या पोरांनी छातीवर लावलं. इतिहासात असं कधी कधी घडतं.

आणि राजा म्हटलं की माझं मन तिथंच अडतं. ब्लॅक पँथर राजा आहे. त्याच्याकडे देश आहे, खाण आहे, सिंहासन आहे. ज्याच्याकडे राहायला दहा बाय दहाची खोली नाही, त्याने त्याच्यात स्वतःला कुठे शोधायचं? ह्या प्रश्नाचं उत्तर मला 'ब्लड सिंडिकेट'मध्ये मिळालं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

१९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर गुरासारखं बडवलं. त्याचं चित्रीकरण साऱ्या जगाने पाहिलं. २९ एप्रिल १९९२ रोजी कोर्टाने पोलिसांना मोकळं सोडलं आणि शहर पेटलं. पन्नासाच्या वर माणसं मेली. त्याच आठवड्यात त्याच शहरातल्या वॉट्स भागात वर्षानुवर्षं एकमेकांचे मुडदे पाडणाऱ्या काळ्या पोरांच्या टोळ्यांनी आपसात तह केला होता. जळालेली दुकानं वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. तहाला तेवढी जागा मिळाली नाही.

अशा हवेत १९९३ साली माईलस्टोन ही कॉमिक कंपनी बाजारात उतरली. चार काळ्या माणसांची. डेनिस कोवन चित्रकार, ड्वेन मॅकडफी लेखक, मायकेल डेव्हिस चित्रकार, डेरेक डिंगल पत्रकार. मॅकडफी डेट्रॉईटचा, १९६२चा जन्म. भौतिकशास्त्र शिकलेला. मार्व्हलमध्ये नोकरी करताना १९८९ साली त्याने साहेबलोकांना एक खोटाखोटा प्रस्ताव लिहून पाठवला होता. विषय असा, की तुमच्या कॉमिकमधला जो तो काळा पोरगा चाकाच्या फळीवरच का फिरतो? तेव्हा घ्या, सगळेच फळीवाले एकत्र करून एक टोळी काढू! इतका बोचरा विनोद मी आपल्या लोकांत फार थोड्यांच्या तोंडून ऐकलाय.

माईलस्टोनने पहिल्या वर्षात चार मालिका काढल्या : हार्डवेअर, ब्लड सिंडिकेट, आयकॉन, स्टॅटिक. 'हार्डवेअर' तर कामगाराने वाचावीच. कर्टिस मेटकाफ हा काळा संशोधक एका कारखानदारासाठी शोध लावतो. मालक कोट्यवधी कमावतो. कर्टिस नफ्यात वाटा मागायला जातो, तेव्हा मालक त्याची जागा दाखवून देतो. मग तो मालकाच्याच कारखान्यात रात्री चोरून स्वतःचं चिलखत बनवतो. 'आयकॉन'मध्ये एक मातब्बर काळा वकील आणि वस्तीतली राकेल नावाची पोरगी यांचा वाद चालतो. तो म्हणतो, मेहनत करा, वर या. ती म्हणते, तू वर आलास, आता खाली बघ. हा वाद आपल्याकडे प्रत्येक जयंतीला मंडपाच्या मागे चालू असतो.

या सगळ्यांत विसरली गेलेली मालिका म्हंजे 'ब्लड सिंडिकेट'. लिहिणारा इव्हान वेलेझ, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला पोर्तो रिकन. सुरुवातीची चित्रं ट्रेव्हर व्हॉन ईडनची, पुढे बहुतेक ख्रिसक्रॉसची.

कथा अशी. डकोटा नावाचं काल्पनिक शहर. त्यात पॅरिस आयलंड ही गरिबांची वस्ती. नाव पॅरिस, आणि गटारं आपल्यासारखी. एके रात्री शहरातल्या सगळ्या टोळ्या शेवटचा हिशोब करायला तिथे जमतात. पोलीस येतात. अश्रुधूर सोडतात. पण त्या धुरात एक न तपासलेलं किरणोत्सारी रसायन मिसळलेलं असतं. कशासाठी? तर पोरांच्या अंगावर खूण राहावी, म्हंजे नंतर एकेकाला शोधून उचलता येईल. त्या धुरात असंख्य पोरं तडफडून मरतात. जी वाचतात त्यांच्या शरीरात काहीतरी भलतंच घडतं आणि त्यांना शक्ती येते. त्या रात्रीला नाव पडतं 'बिग बँग'.

हे पान वाचताना मी थांबलो. अंगावर खूण! पेशवाईत आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला, तो कशासाठी होता? आणि ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. ती मालिका तोवर बंदही पडली होती. तिच्या लेखकाने रमाबाई नगरचं नाव ऐकलं असायचं कारण नाही. तरी चौकटीतला धूर माझ्या नाकात गेला.

दुसऱ्या सुपरहिरोंना शक्ती मिळते ती देवाकडून, बापाकडून, नाहीतर बापाच्या पैशाकडून. ह्या पोरांना ती सरकारच्या अत्याचारातून मिळाली. मारायला सोडलेला धूर अंगात भिनला आणि त्याचं हत्यार झालं.

वाचलेल्यांपैकी काही पोरं एकत्र येतात. पूर्वी ती दोन वैरी टोळ्यांत होती, पॅरिस ब्लड्स आणि फोर्स सिंडिकेट. दोन्ही नावं जोडून ब्लड सिंडिकेट. ती जगाला वाचवायला निघत नाहीत. वस्तीतले गर्दचे अड्डे फोडतात, आणि तिथला पैसा स्वतःकडे ठेवतात. साधुसंत नाहीत ती. त्यांची भाषा शिव्यांची आहे. पण वस्ती आपली आहे एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

एकेकाची ओळख करून देतो. टेक-नाईन हा पहिला पुढारी, सुरुवातीच्याच अंकांत मरतो. त्याच्या मागून वाईज सन. त्याला कशानेच इजा होत नाही, पण निर्णय घेताना घाम फुटतो. ब्रिकहाऊस ही विटांच्या अंगाची बाई. डीएमझेड कधी एक शब्द बोलत नाही. फ्लॅशबॅक ही पोरगी काळ तीन सेकंद मागे नेऊ शकते. फक्त तीन सेकंद. मित्राला लागणारी गोळी चुकवायला तेवढे पुरतात. पण तिला स्वतःला गर्दची चटक आहे, आणि त्याला तीन सेकंद पुरत नाहीत. तिचा भाऊ फेड भिंतीतून आरपार जातो. त्याचं प्रेम पुरुषावर आहे आणि ते तो सगळ्यांपासून लपवतो. मास्करेड कुठलंही रूप घेतो. जन्म बाईच्या देहात झाला, जगतो पुरुष म्हणून, आणि हे टोळीत कुणाला माहीत नाही. बूगीमॅन उंदराच्या रूपातला. त्याचं गुपित तर उलटंच : तो गोरा आहे, आणि काळ्यांच्या टोळीत काळा म्हणून राहतो.

हे सगळे पोलिसांना भीत नाहीत. गुंडांना भीत नाहीत. भितात एकमेकांना. आपल्याच माणसांना खरं कळलं तर आपल्याला बाहेर काढतील, ही भीती. तिने ही टोळी जेवढी पोखरली, तेवढी शत्रूने पोखरली नाही. होलोकॉस्ट नावाचा आगीचा माणूस तर पुढारीपणासाठी फुटून बाहेर पडतो आणि त्यांचाच वैरी होतो.

मित्रांनो, इथे मला आपला इतिहास आठवला नसता तर मी खोटारडा. दलित पँथर १९७२ला उभी राहिली. १९७४ला फुटली. १९७७ला बरखास्तीची घोषणा झाली. मार्क्स की बुद्ध, हा वाद खरा होता; त्यातून आपण शिकलं पाहिजे. पण वादाबरोबर संशयही होता, तो कुणी लिहून ठेवला नाही. आणि आज? शहरात खोली भाड्याने घेताना आपला माणूस आडनाव लपवतो, ते समजू शकतो. पण आपल्याच बैठकीत पोटजात विचारली जाईल म्हणून एखादा मांग, एखादा चांभार, एखादा मेहतर पोरगा मागच्या रांगेत का बसतो? आपल्या बायका चहा द्यायला पुढे आणि भाषणाला मागे का? एखाद्याचं प्रेम वेगळं असलं तर त्याने चळवळीत तोंड का मिटावं? शंभर सुपरहिरो आले तरी ह्या प्रश्नांचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. मी प्रोसेसमध्ये, रंगखात्यात काम करतो. शेडकार्ड पुढे ठेवून रंग जुळवणं हे रोजचं काम. काळा रंग म्हंजे एक रंग नाही. निळसर काळा असतो, लालसर काळा असतो, हिरवट असतो. उजेडात धरल्याशिवाय कळत नाही. जुन्या कॉमिकमध्ये काळ्या माणसाला एकच मळका रंग फासलेला दिसतो, कधी तपकिरी, कधी चक्क राखाडी. सगळे काळे एका रंगाचे, म्हणून सगळे एकसारखे. माईलस्टोनमध्ये नोएल गिडिंग्ज ही बाई रंगाचं खातं सांभाळायची. त्यांनी 'माईलस्टोन १००' नावाची रंगपद्धत वापरली. त्यामुळे प्रत्येकाची त्वचा वेगळी दिसते. भाऊ-बहिणीची वेगळी, आई-मुलाची वेगळी. माझ्या हातात चार तळ वाकलेले, डाग पडलेले अंक होते, तरी मला ते दिसलं. शेड जुळवणाऱ्याने केलेला विद्रोह शेड जुळवणाऱ्यालाच आधी कळतो.

मग एवढं सगळं असून ही टोळी विसरली कशी गेली?

पात्रांची मालकी आणि मजकुरावरचा हक्क माईलस्टोनने स्वतःकडे ठेवला, हे त्या धंद्यात फार मोठं होतं. पण छपाई आणि वितरण डीसी या बड्या कंपनीचं. १९९५ साली 'स्टॅटिक'च्या पंचविसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावरून डीसीशी वाजलं, आणि काढलेलं चित्र जसंच्या तसं कव्हरवर आलं नाही. दुकानदारांनी ही 'काळ्यांची पुस्तकं' म्हणून बाजूला ठेवली. गोरं गिऱ्हाईक घेणार नाही, हे त्यांनी गिऱ्हाइकाला न विचारताच ठरवलं. त्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतला कॉमिकचा सगळा बाजारच कोसळला. पस्तीस अंक निघून १९९६च्या सुरुवातीला 'ब्लड सिंडिकेट' बंद पडली. १९९७ला माईलस्टोनने कॉमिकं काढणं थांबवलं. पुढे 'स्टॅटिक'वर टीव्हीची मालिका निघाली, २०००पासून २००४पर्यंत चालली, म्हणून तो पोरगा लोकांच्या लक्षात राहिला. टोळीची मात्र कुणी आठवण काढली नाही. एकटा गुणी पोरगा पडद्यावर खपतो. वस्तीच्या वस्ती खपत नाही. मॅकडफी २०११ साली गेला. 'स्टॅटिक'चा सहलेखक रॉबर्ट वॉशिंग्टन २०१२ साली गेला, आर्थिक हलाखीतून गेला. २०२२मध्ये जुन्या अंकांचा जाडजूड संग्रह निघाला आणि 'ब्लड सिंडिकेट'ची नवी छोटी मालिकाही आली. जेफ्री थॉर्नने लिहिली, चित्रांना ख्रिसक्रॉस परत आला. मधे सव्वीस वर्षं गेली.

१९४७चा कागद आणि १९९६चं दुकान. काळ्या माणसाची गोष्ट दोन्ही वेळा लेखणीपाशी अडली नाही. ती पुढे, कागदापाशी आणि विक्रीपाशी अडली. सत्तरच्या दशकात आपली अनियतकालिकं स्टेन्सिल कापून, हाताने मशीन फिरवून निघाली ती उगीच नाही. प्रस्थापितांचा छापखाना नको होता, आणि तो मिळणारही नव्हता. त्यातले किती अंक आज शाबूत आहेत? किती अंक रद्दीत गेले आणि कुणी वजनावर घेतले?

बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिलं. म्हंजे काळ्यांचं वाचून आपलं समजून घ्यायचं, ही वाट बाबासाहेबांनीच घालून दिलेली. मी त्या वाटेवर चालण्याच्या बाता मारत होतो, आणि त्याच वाटेने हातात कॉमिक घेऊन आलेल्या पोराला मी हाकलला.

आपल्याकडे चित्रांतून सांगणं अगदीच झालं नाही असं नाही. २०११मध्ये 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य आपल्या रेषेत काढलं. ते महापुरुषाचं चरित्र आहे आणि ते पाहिजेच. पण वस्तीतल्या टोळीची, फुटलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या पोरांची, लपवणाऱ्या आणि उघड होणाऱ्या माणसांची चित्रकथा कुठाय? ती आपणच काढायची आहे. ती काढताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कुणालाही पुतळा करू नका. दोन, मालकी कुणाची ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहा.

मागच्या महिन्यात मी त्या पोराच्या घरी गेलो. आता ते कुरिअरचं काम करतं. माझे चार अंक त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "माझं चुकलं. त्या दिवशी तू कुठलं पान दाखवणार होतास?"

ते हसलं नाही. म्हणालं, "दादा, ते आता कुठं राहिलंय? तू झापल्यावर मी ते सगळं विकून टाकलं."

मग थोड्या वेळाने आत जाऊन त्याने एक शंभरपानी वही आणली. त्यात पेन्सिलीने काढलेली आमचीच गल्ली होती. नळावरची रांग, समाजमंदिर, आणि कोपऱ्यात माझ्यासारखा दिसणारा एक माणूस, तोंड उघडून भाषण करणारा.

पुढच्या रविवारी ते अभ्यासवर्गाला येणार आहे. विषय त्याचा. आम्ही ऐकणार. तुम्हीही या.

जयभीम.